जीटीए फोर इंटेलवरच अडकतो, एनव्हिडियाचं कार्ड शून्यावर: नेमकं काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉपमध्ये इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स आहे आणि सोबत एनव्हिडियाचं जीटीएक्स 1650, 4 जीबीचं कार्ड. विंडोज 11. जीटीए फोर हा गेम मध्यम सेटिंगवर लावला तर 18 ते 22 एफपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढीच चित्रं, मिळतात आणि गाडी वळवली की चित्र अडखळतं. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू 0, म्हणजे इंटेल, शंभराला टेकलेला आणि जीपीयू 1, म्हणजे एनव्हिडिया, शून्यावर. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'हाय परफॉर्मन्स' करून झालंय. विंडोजच्या ग्राफिक्स यादीत गेम टाकून झालाय. ईएनबी हा गेमचं चित्र देखणं करणारा मॉड, म्हणजे बाहेरची जोडणी, तीही घातलेली आहे. आणि शेवटी विचारलंय की एका व्हिडिओत इंटेलचं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करायला सांगितलंय, ते करू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नका करू.

लॅपटॉप दुरुस्तीच्या कामात मला 16 वर्षं झाली. या एका सल्ल्यामुळे माझ्या टेबलावर आलेले लॅपटॉप मी मोजायचे सोडून दिले आहेत. गेल्या पावसाळ्यात एक इंजिनिअरिंगचा मुलगा वडिलांना घेऊन आला. लॅपटॉप जेमतेम वर्षाचा. तक्रार अशी की ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही, व्हिडिओ तुटत चालतो आणि गेम तर उघडतच नाही. वडिलांना वाटत होतं मदरबोर्ड गेला, कारण आधी दाखवलेल्या एका ठिकाणी त्यांना तसंच सांगितलं होतं. मी डिव्हाइस मॅनेजर उघडला, तर डिस्प्ले अ‍ॅडॉप्टरखाली इंटेलच्या चिन्हावर खाली रोखलेला छोटा काळा बाण, म्हणजे ते बंद केलेलं. उजवी क्लिक, एनेबल. पडदा एकदा काळा होऊन परत आला आणि ब्राइटनेसची पट्टी जागेवर. मुलगा खाली मान घालून उभा होता. त्याला मी एवढंच सांगितलं की चूक तुझी नाही, तुला वायर कुठून कुठे गेलीय हे कुणी सांगितलंच नाही.

ती वायरच आधी समजून घेऊ.

एनव्हिडियाने 2010 साली ऑप्टिमस नावाची पद्धत आणली. त्याआधी दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये एकावरून दुसऱ्यावर जायचं तर बटण दाबून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा लागे, निदान सगळं बंद करावं लागे. ऑप्टिमसमध्ये लॅपटॉपचा पडदा कायमचा अंगभूत ग्राफिक्सला जोडलेला असतो. एनव्हिडियाच्या कार्डाला पडद्याकडे जाणारी स्वतःची वाट नसते. ते चित्र काढतं आणि तयार चित्र इंटेलच्या मेमरीत नेऊन ठेवतं. पडद्यावर ते आणायचं काम इंटेलचंच. तुम्ही इंटेल बंद केलंत तर चित्र काढणारा आहे, पण पडद्यापर्यंत पोचवणारा नाही. मग विंडोज 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' नावाच्या कामचलाऊ ड्रायव्हरवर येतं. पडदा दिसतो, पण ना ब्राइटनेस, ना वेग.

काहींना वाटतं की या ने-आण करण्यातच वेळ जात असेल. हिशोब करून बघा. 1920 गुणिले 1080 ठिपके, प्रत्येकी 4 बाइट, म्हणजे एक चित्र साधारण 8.3 एमबीचं. सेकंदाला 60 चित्रं म्हणजे 500 एमबीच्या आसपास. कार्ड ज्या वाटेने प्रोसेसरला जोडलेलं असतं त्या पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीत नुसत्या 4 लेन असल्या तरी सेकंदाला 3.9 जीबीची वाट असते. तेव्हा 18 एफपीएसचा दोष या ने-आणीच्या माथी मारता येत नाही. आणि याच कारणामुळे, गेम नीट एनव्हिडियावर चालत असतानाही टास्क मॅनेजरमध्ये इंटेलवर थोडं काम दिसतच राहतं. ते पूर्ण शून्य व्हावं म्हणून धडपडू नका.

आता तुमच्या दुखण्याकडे येऊ. जीटीए फोर हा काही कुणाला माहीत नसलेला गेम नाही. पीसीवर तो डिसेंबर 2008 मध्ये आला आणि एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये गेमांची जी यादी असते, तिच्यात तो आहे. म्हणजे चांगल्या, ताज्या ड्रायव्हरवर त्याला मोठं कार्ड आपणहून मिळायला हवं. ते मिळत नाही याचा अर्थ मध्ये काहीतरी आडवं आलंय. नवीन सेटिंग शोधत बसण्याऐवजी ते आडवं आलेलं शोधायचं. माझ्या अनुभवात ते जवळजवळ नेहमी तीनपैकी एक असतं: सेटिंग चुकीच्या फाइलला लागलंय, फोल्डरमध्ये परकी डीएलएल, म्हणजे गेमला लागणारी मदतनीस फाइल, बसलीय, किंवा कार्डच झोपवून ठेवलंय.

पण त्याआधी मोजमाप नीट करा, कारण इथे भलेभले फसतात. गेम पूर्ण पडद्यावर असताना तुम्ही आल्ट-टॅब करून टास्क मॅनेजरकडे आलात की जुना गेम स्वतःला खाली दडवतो आणि चित्र काढणं थांबवतो. तुम्ही बघता त्या क्षणी आकडा शून्य. बिचारा गेम दोन सेकंदांपूर्वी एनव्हिडियावर व्यवस्थित पळत होता आणि तुम्ही निष्कर्ष काढता की कार्ड वापरतच नाही. म्हणून चालू आकड्याकडे बघू नका. 'परफॉर्मन्स' भागात जाऊन जीपीयू 1 चा आलेख बघा, तो मागच्या 60 सेकंदांचा असतो. डोंगर चढून नुकताच उतरलेला दिसला तर कार्ड काम करत होतं. तुम्हाला इंटेल शंभरावर दिसतंय, म्हणजे तुमचं दुखणं खरं आहे. तरीही एकदा असं पडताळून घ्या. दुसरा मॉनिटर असेल तर टास्क मॅनेजर तिकडे ओढून ठेवा, मग आल्ट-टॅबची गरजच नाही.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'डिटेल्स' भागात जा, वरच्या रकान्यांच्या नावांवर उजवी क्लिक करून 'जीपीयू इंजिन' हा रकाना सुरू करा. विंडोज 10 मध्ये 2017 च्या शेवटी ही सोय आली आणि माझं निम्मं काम हलकं झालं. कोणती ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी फाइल, कोणत्या जीपीयूवर आहे ते तिथे नावानिशी दिसतं. गेमच्या आतल्या मेनूत जे कार्डाचं नाव दिसतं त्यावर मात्र विसंबू नका. पडदा इंटेलला जोडलेला असल्यामुळे काही जुने गेम इंटेलचंच नाव छापतात आणि चित्र काढतात एनव्हिडियावर.

आणखी एक काम करा. जीटीए फोरच्या ग्राफिक्स मेनूत बेंचमार्क दिलेला आहे. तो एकदा आत्ता, काहीही न बदलता चालवा आणि सरासरी एफपीएसचा आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढची प्रत्येक पायरी झाली की पुन्हा चालवा. "जरा स्मूथ वाटतंय" या वाटण्यावर मी आजवर एकही दुरुस्ती पूर्ण झाली असं मानलेलं नाही.

आता चुकीची फाइल. तुम्ही लिहिलंय की विंडोजच्या यादीत गेम टाकला. कोणती फाइल टाकली हे लिहिलेलं नाही आणि माझा पहिला संशय तिथेच आहे. स्टीमवरून घेतलेला आजचा जीटीए फोर सुरू होतो तेव्हा एकामागून एक चार दारं उघडतात. स्टीम 'प्लेजीटीएआयव्ही' नावाची फाइल चालवतं. ती रॉकस्टारचा लाँचर उठवते. लाँचर खात्याची खातरजमा करतो आणि मग 'जीटीएआयव्ही' नावाची खरी ईएक्सई सुरू होते. चित्र काढते ती ही शेवटची. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवरून फाइल निवडली असेल, किंवा फोल्डरमध्ये 'प्ले' दिसलं म्हणून ती घेतली असेल, तर तुम्ही लाँचर उठवणाऱ्याला मोठं कार्ड दिलंत आणि गेमला काहीच मिळालं नाही. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, तसं झालं.

खरी फाइल शोधायची खात्रीची रीत एकच. गेम चालू करा, शहरात उभे राहा, मग टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' भागात सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून सगळ्यात जास्त खाणारं नाव वर आणा. त्यावर उजवी क्लिक, 'ओपन फाइल लोकेशन'. जो फोल्डर उघडेल त्यातली, निवडलेली दिसेल ती फाइल. तिचा पूर्ण पत्ता टिपून घ्या. ही रीत सगळ्या गेमांना लागू आहे. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत पोरं लाँचरला कार्ड देतात आणि गेम चालतो 'जावाडब्ल्यू' नावाच्या फाइलवर, तीही कुठल्या तरी आतल्या फोल्डरात.

पत्ता हातात आला की विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जा. डेस्कटॉप अ‍ॅप जोडायचा पर्याय घ्या, त्या पत्त्यावर जाऊन ती ईएक्सई निवडा आणि 'हाय परफॉर्मन्स' ठेवा. तिथेच एनव्हिडियाचं नाव लिहिलेलं दिसेल. नाव इंटेलचं दिसलं किंवा दोन्हीकडे एकच नाव दिसलं, तर विंडोजला तुमचं कार्ड दिसतच नाहीये. त्याकडे पुढे येतो.

हे पान विंडोज 10 मध्ये 2018 च्या एप्रिलच्या आवृत्तीत आलं आणि तेव्हापासून शेवटचा शब्द विंडोजचा झाला. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये तुम्ही काहीही ठेवा, विंडोजच्या यादीत त्या फाइलसमोर 'पॉवर सेव्हिंग' असेल तर तेच चालणार. जुने लेख आणि व्हिडिओ सगळे कंट्रोल पॅनेलवरच थांबतात, कारण ते त्या काळचे आहेत. तुमच्या यादीत आधीपासून जीटीएआयव्हीची एखादी नोंद 'पॉवर सेव्हिंग' म्हणून पडलीय का ते जरूर बघा. लॅपटॉप सेकंडहँड असेल तर मी ती यादी आधी पूर्ण रिकामी करतो.

या यादीचे दोन स्वभाव ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. एक, नोंद फाइलच्या पूर्ण पत्त्यावर होते, नावावर नाही. गेम डी ड्राइव्हवरून एसएसडीवर हलवलात तर नोंद जुन्या पत्त्यावर राहते आणि नव्या ठिकाणचा गेम विंडोजला अनोळखी. दोन, नोंद त्या वापरकर्त्यापुरती असते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज साठवतं तिथे, ती चालू वापरकर्त्याच्या शाखेत, डायरेक्टएक्सच्या खाली लिहिली जाते. घरात वडिलांचं खातं अ‍ॅडमिन आणि मुलाचं साधं, असं असेल आणि मुलगा 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून वडिलांचा पासवर्ड टाकून गेम चालवत असेल, तर तो गेम वडिलांच्या खात्यावर चालतो. मुलाने केलेली नोंद तिथे नाहीच. हे कोडं पहिल्यांदा समोर आलं तेव्हा मी त्यात एक अख्खी दुपार घालवली. आता असा लॅपटॉप आला की पहिला प्रश्न विचारतो: घरात खाती किती?

दुसरा संशय ईएनबीवर, आणि तुमच्या बाबतीत खरं सांगायचं तर तो पहिल्याइतकाच मोठा आहे. जीटीए फोर डायरेक्ट3डी 9 वापरतो, म्हणजे कार्डाला चित्र काढायच्या आज्ञा देण्याची विंडोजची जुनी पद्धत. गेम सुरू होताना 'डी3डी9' नावाची डीएलएल मागतो. ती आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधली जाते, तिथे नसेल तर विंडोजची घेतली जाते. ईएनबीसारखे मॉड याच गोष्टीचा फायदा घेतात. त्याच नावाची स्वतःची डीएलएल गेमच्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि गेम व विंडोज यांच्या मध्ये बसतात. एरवी त्यात गैर काही नाही. पण जुनी ईएनबी, त्यावर आणखी कुणाचा मॉडपॅक, त्यात आणखी एखादी डीएलएल, असं थरावर थर झालं की कार्ड कुणी निवडायचं याचाच गोंधळ होतो. त्यातून इंटेलवर ईएनबी चालवणं म्हणजे बैलगाडीला नांगर जोडून चढावर हाकणं. तुमचे 18 एफपीएस त्या जोडीचेच असणार.

करायचं एवढंच: गेम बंद करा, जीटीएआयव्हीच्या फोल्डरमध्ये ती डी3डी9 डीएलएल शोधा, पुसू नका, नुसतं नाव बदला, म्हणजे शेवटी 'जुनी' किंवा काहीही जोडा. पुन्हा गेम सुरू करा, बेंचमार्क चालवा. जीपीयू 1 चा आलेख उठला तर चोर सापडला. याच वेळी त्या ईएक्सईच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'कम्पॅटिबिलिटी'मध्ये विंडोज एक्सपी वगैरे काही टिकमार्क असतील तेही काढून टाका. या गेमला विंडोज 11 वर त्यांची गरज नाही.

तिसरं, झोपवलेलं कार्ड. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं आणि त्यात 'इको' किंवा तशा नावाचा मोड असतो. तो लावला की एनव्हिडियाचं कार्ड विजेपासूनच तोडलं जातं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते दिसतही नाही. तुमच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू 1 दिसतंय, तेव्हा तसं झालेलं नाही. पण वर म्हटल्याप्रमाणे ग्राफिक्स पानावर एनव्हिडियाचं नाव येत नसेल तर आधी हा मोड बघा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळं चिन्ह आहे का ते, आणि मग ड्रायव्हर नव्याने टाका. काही लॅपटॉपमध्ये याच सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) उलटा मोडही असतो, ज्यात पडदा थेट एनव्हिडियाला जोडला जातो. त्याला मक्स स्विच म्हणतात. तो असेल तर भाग्य समजा. इंटेल वाटेतून बाजूला होतं आणि हा सगळा प्रश्नच उरत नाही. इंटेल बंद करण्याची जी इच्छा तुम्हाला होतेय, तिची कायदेशीर वाट हीच.

मक्स नसेल पण घरात मॉनिटर किंवा टीव्ही असेल, तर एचडीएमआय लावून बघा. अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं तोंड थेट एनव्हिडियाच्या कार्डाला जोडलेलं असतं. डायरेक्ट3डी 9 आणि त्याआधीच्या गेमांच्या दृष्टीने 'कार्ड' म्हणजे ज्याला पडदा जोडलाय ते. बाहेरचा मॉनिटर मुख्य पडदा केलात की अशा गेमला पहिल्यांदाच एनव्हिडिया समोर दिसतं.

इतकं करूनही गेम हटून बसला, तर मी डीएक्सव्हीके वापरतो. हा मुळात लिनक्सवर विंडोजचे गेम चालवण्यासाठी लिहिलेला थर आहे. डायरेक्ट3डीमधल्या आज्ञा तो व्हल्कन नावाच्या तशाच दुसऱ्या पद्धतीत बदलून देतो. विंडोजवरही तो चालतो, आणि जीटीए फोर खेळणाऱ्यांत तो अडखळणं कमी करण्यासाठीच लोकप्रिय आहे. आपल्या कामाची गोष्ट ही की कार्ड निवडताना तो स्वतंत्र कार्डाला पहिला मान देतो. डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये दोन फोल्डर असतात, एक्स32 आणि एक्स64. तुमचा लॅपटॉप आणि विंडोज 64 बिटचे असले तरी जीटीए फोर हा 32 बिटचा गेम आहे, म्हणून एक्स32 मधली डी3डी9 डीएलएल घ्यायची आणि जीटीएआयव्हीच्या शेजारी ठेवायची. दहापैकी नऊ जण इथे चुकतात, गेम उघडत नाही आणि डीएक्सव्हीकेला नावं ठेवतात. ईएनबीची डीएलएल त्याच नावाची असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी सरळ ठेवता येत नाहीत. आधी एकटा डीएक्सव्हीके चालवून बघा. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'हड' नावाचा पर्याय आहे. तो सुरू केला की गेम चालू असताना डाव्या कोपऱ्यात कार्डाचं नाव आणि एफपीएस छापून येतात. त्या कोपऱ्यात 'जीटीएक्स 1650' वाचलं की शंकेला जागा राहत नाही.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे जुनं, 600 किंवा 700 मालिकेतलं कार्ड असेल तर डीएक्सव्हीकेची 2 ची मालिका त्यावर बहुधा चालणार नाही, कारण तिला व्हल्कन 1.3 लागतं. 1.10.3 ही आवृत्ती घ्या.

जीटीए फोरपेक्षाही जुन्या गेमांबद्दल बरेच जण विचारतात म्हणून थोडं इथेच सांगतो. व्हाइस सिटी डायरेक्ट3डी 8 चा, सॅन अँड्रियास आणि 2005 चा नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड 9 चे. 9 वाल्यांना वरचंच सगळं लागू. 8 आणि त्याआधीच्यांसाठी माझं हत्यार डीजीव्हूडू 2. तोही मध्ये बसणारा थर आहे, पण तो जुन्या आज्ञा डायरेक्ट3डी 11 किंवा 12 मध्ये बदलतो. त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कार्ड निवडायची यादीच असते, तिथे एनव्हिडिया निवडायचं. 'वॉटरमार्क' हा पर्याय सुरुवातीला चालू ठेवा. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं चिन्ह दिसलं तर थर बसलाय, नाही दिसलं तर डीएलएल चुकीच्या फोल्डरमध्ये आहे. खात्री झाली की बंद करा. एज ऑफ एम्पायर्स 2 ची 1999 ची मूळ आवृत्ती मात्र वेगळी. तिचं चित्र मुख्यतः सीपीयूच काढतो. तिला एनव्हिडियावर नेण्यासाठी रात्र जागवण्यात अर्थ नाही.

आता अपेक्षांबद्दल स्पष्ट बोलतो, नाहीतर सगळं नीट होऊनही तुम्ही नाराज राहाल. जीटीए फोरची 2008 मधली शिफारस 512 एमबीच्या कार्डाची होती. तुमच्याकडे 4 जीबी आहे, आणि कार्ड त्या काळच्या कार्डांच्या कितीतरी पुढे. तरीही हा गेम शंभर-दीडशे एफपीएसला सहज जाणार नाही. पीसीवर तो आणताना काम फार ढिसाळ झालं. तो सीपीयूवर जड आहे आणि आजच्या प्रोसेसरचे सगळे कोअर त्याला नीट वापरता येत नाहीत. म्हणून एनव्हिडियावर गेल्यावर आलेख चाळीस-पन्नास टक्क्यांवरच थांबलेला दिसला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू नका. कार्ड सीपीयूची वाट बघतंय, एवढाच त्याचा अर्थ. त्या वेळी 'व्ह्यू डिस्टन्स', 'डिटेल डिस्टन्स', 'व्हेइकल डेन्सिटी' आणि 'शॅडो डेन्सिटी' खाली आणा. टेक्स्चर आणि रिझोल्यूशन मात्र खुशाल वर ठेवा.

गेमला कार्डाची मेमरी ओळखता येत नाही, हीही जुनी तक्रार. मेनूत मेमरीचा आकडा हास्यास्पद कमी दिसतो आणि टेक्स्चर 'हाय' करू देत नाही. जीटीएआयव्हीच्या शेजारी 'कमांडलाइन' नावाची साधी टेक्स्ट फाइल करा आणि तिच्यात 'नोरिस्ट्रिक्शन्स' आणि 'नोमेमरिस्ट्रिक्ट' या दोन आज्ञा इंग्रजी छोट्या अक्षरांत, प्रत्येकीच्या आधी उणे चिन्ह देऊन, वेगवेगळ्या ओळींवर लिहा. बंधनं सुटतात. हे मात्र गेम एनव्हिडियावर गेल्यावरच करा. इंटेलवर असताना बंधनं सोडलीत तर गेम आणखी गुदमरेल.

चार्जर लावूनच खेळा, हेही सांगायला हवं. बॅटरीवर कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही, आणि एनव्हिडियाची बॅटरी वाचवायची सोय चालू असेल तर एफपीएस मुद्दाम 30 वर बांधले जातात. असा एक लॅपटॉप दुकानात येऊन गेला. घरी हळू, माझ्याकडे वेगात. घरी मुलगा पलंगावर बसून बॅटरीवर खेळायचा आणि मी टेबलावर चार्जर लावून तपासत होतो. दोन दिवस लागले मला हे कळायला.

शेवटची गोष्ट वेग मिळाल्यानंतरची. जुने गेम 30 एफपीएसच्या हिशोबाने बांधलेले असतात आणि वेग वाढला की आतलं गणित बिघडतं. सॅन अँड्रियासमध्ये फ्रेम लिमिटर काढलात तर पोहण्याचा वेगच बदलतो. जीटीए फोरच्या शेवटच्या मिशनमध्ये नायक निको हेलिकॉप्टरला लटकतो आणि बटण पटापट दाबून त्याला वर चढवायचं असतं. 60 एफपीएसवर कितीही बोटं दुखवलीत तरी तो चढत नाही, पडतो. कीबोर्ड बदलून पाहिलेली मुलं मला माहीत आहेत. कीबोर्डचा दोष नाही. त्या मिशनपुरते एफपीएस 30 वर बांधा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' आहे, किंवा रिवाट्यूनर हे एफपीएस बांधणारं सॉफ्टवेअर वापरा. एरवी मी या गेमला 60 वर बांधून ठेवतो. सीपीयूला दम मिळतो आणि पंखाही ओरडत नाही.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा: आधी बेंचमार्कचा आकडा लिहा. डी3डी9 डीएलएलचं नाव बदला आणि पुन्हा मोजा. मग 'डिटेल्स'मधून खऱ्या जीटीएआयव्हीचा पत्ता घेऊन विंडोजच्या यादीत 'हाय परफॉर्मन्स' करा, 'पॉवर सेव्हिंग'ची जुनी नोंद असेल तर काढा, आणि पुन्हा मोजा. माझा अंदाज आहे की या दोन पायऱ्यांतच जीपीयू 1 जागा होईल. झाला की ईएनबीची डीएलएल परत जुन्या नावाने आणा आणि चौथ्यांदा मोजा. तेव्हा आलेख पुन्हा इंटेलकडे गेला, तर ईएनबीची ती आवृत्ती कोणती, विंडोजच्या यादीतल्या नोंदीचा पूर्ण पत्ता काय आणि चारही वेळचे आकडे किती, एवढं लिहून पाठवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.